खोक्यावर गिटारचं चित्र छापणाऱ्या महाशयांस

मु. पो. केळझर,
ता. सेलू, जि. वर्धा

महाशय,

नमस्कार लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहितो. तुमचं नाव या पत्रात घातलेलं नाही. नाव घातलं तर तुम्ही एकटे सापडाल आणि तसाच खोका विकणारे बाकीचे सुटतील. खोका मात्र तुम्ही ओळखालच. वर चकचकीत लाल इलेक्ट्रिक गिटारचं चित्र, त्याखाली ‘घरबसल्या शोरूम फिनिश’, बाजूला ठसठशीत अक्षरांत वॉटचा आकडा आणि कोपऱ्यात ‘एचव्हीएलपी’. आत प्लास्टिकची फवारणी बंदूक, तिच्या पाठीला मोटर आणि खाली रंगाचा मोठा डबा.

हा खोका माझ्या भाच्याने घेतला. त्याने शिवणीच्या फळीतून गिटारची बॉडी कोरली होती. शिवण हलकी, वाळली की फारशी न वाकणारी. वाद्यांना चालते हे आपल्याकडच्या सुतारांना केव्हापासून ठाऊक आहे. आरामशीनवर फळी पाहून घेणं, कडा गोल करणं, पिकअपची खाच आणि मानेची खोबण नीट बसेपर्यंत कानस चालवणं, मग जाड पॉलिश पेपरपासून बारीक पेपरपर्यंत घासत येणं, हे सगळं त्याने शाळा आणि शेत सांभाळून केलं. लांबी भरली, सीलर दिला. शेवटचं काम तुमच्या बंदुकीवर सोपवलं आणि तिने एका सकाळीत त्या लाकडावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर बसवला, मधूनमधून ओघळांसकट. पोराला वाटलं, आपलाच हात वाईट. महाशय, मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. पैसे तर गेलेच, पण तुमची चूक त्याने स्वतःच्या नावावर लिहून घेतली.

आमच्या गावाबद्दल थोडं सांगतो. केळझर नागपूर–वर्धा रस्त्यावर आहे. टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जातो. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच आणि भीमाने बकासुर मारला तो इथेच, असं गाव मानत आलंय. त्या बकासुराची एक गोष्ट तुमच्या तोंडावर सांगायला हवी. तो काय खाणार हे आधीच सांगून मोकळा व्हायचा. गाडाभर अन्न, गाड्याचे दोन रेडे आणि गाडा आणणारा माणूस. गावाला हिशेब माहीत असायचा. तुमच्या खोक्यावर तर गिऱ्हाइकाला जो हिशेब हवा, नेमका तोच गाळलेला आहे.

तुम्ही वॉट छापलेत. मोटर वीज किती ओढणार, एवढंच त्यावरून कळतं. लाकडावर रंग कसा बसेल ते तीन आकड्यांवर ठरतं: नोझलचं भोक किती मिलिमीटरचं, नोझलवरच्या कॅपपाशी हवेचा दाब किती आणि दर मिनिटाला हवा किती. तिन्हींपैकी एकही तुमच्या खोक्याच्या बाहेर नाही. भोकाचं माप आतल्या पुस्तिकेत सापडलं, अडीच मिलिमीटर. ते कुंपणाच्या आणि दारांच्या दाट रंगाचं माप आहे. गिटारवरचं लॅकर थिनर घालून इतकं पातळ करतात की फोर्ड कप नंबर ४ या मोजमापाच्या पेल्यातून ते साधारण वीस सेकंदांत निथळून जातं. एवढं पातळ लॅकर तुमच्या भोकातून ओघळणारच. ओघळू नये म्हणून दाट ठेवलं की दाब पुरत नाही. थेंब जाड पडतात, एकमेकांत मिसळायच्या आत सुकतात आणि साल तयार होते. म्हणजे पोराने काहीही केलं असतं तरी हरलाच असता.

‘एचव्हीएलपी’ ही अक्षरं खोटी नाहीत, हे मी मान्य करतो. हवा जास्त, दाब कमी, एवढाच त्यांचा अर्थ. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा-नियंत्रण मंडळाने त्याची व्याख्या केली ती कॅपपाशी १० पीएसआयच्या आत दाब अशी, आणि अशा गनकडून अपेक्षा ठेवली की निदान ६५ टक्के रंग वस्तूवर बसावा, हवेत उडून जाऊ नये. पण १० च्या आत म्हणजे ९ सुद्धा आणि २ सुद्धा. चांगल्या टर्बाइन यंत्रात एकामागे एक तीन, चार, पाच पंखे असतात. तिथे सहापासून नऊ पीएसआयपर्यंत दाब मिळतो आणि रंगाचं धुकं होतं. तुमच्या बंदुकीत पंखा एक. अक्षरं तीच छापली, यंत्र वेगळंच विकलं.

आणि ज्या कामासाठी ही गन जन्मली, ते कामच तिला येत नाही. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ॲलन डीव्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध बारीक होऊन पोचावं म्हणून त्यांनी फवारा तयार केला आणि १८८८ साली त्याचा व्यवसाय उभा केला. त्यांचा मुलगा टॉमस याने पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीच युक्ती रंगाला लावली. तेव्हापासून आजपर्यंत सगळी कसोटी थेंब किती बारीक होतो याचीच आहे. तुम्ही तेवढंच सोडून बाकी सगळं विकता.

आता त्या पुस्तिकेबद्दल, कारण इथे तुमचा गुन्हा खरा उघडा पडतो. पाठीमागच्या पानावर, बारीक इंग्रजीत लिहिलंय की फ्लॅश पॉइंट ५५ अंशांहून कमी असलेले पदार्थ या यंत्रात वापरू नयेत. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला एखाद्या द्रवाची वाफ ठिणगी मिळताच पेट घेते ते. एनसी लॅकरच्या थिनरचा फ्लॅश पॉइंट खोलीतल्या तापमानाच्याही बराच खाली असतो. म्हणजे ज्या लॅकरने गिटार चमकते, ते या बंदुकीत घालायलाच तुम्ही स्वतः मनाई केलेली आहे. आत मनाई आणि बाहेर गिटारचं चित्र! चित्र छापताना तुम्हाला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच उरत नाही, कारण मनाई तुमच्याच पुस्तिकेत आहे.

ती मनाई कशासाठी असते ते वाचकांसाठी लिहितो. अशा हातात धरायच्या बंदुकीची मोटर सहसा कार्बन ब्रशची असते. तिच्यात ठिणग्या उडतात आणि हवा ती आजूबाजूचीच आत ओढते, जिच्यात थिनरची वाफ मिसळलेली असते. ही वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरकत जाते, चुलीपर्यंत, देवघरातल्या दिव्यापर्यंत. एनसी लॅकरचा गाभा असतो नायट्रोसेल्युलोज. कापसासारख्या तंतूवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो बनवतात आणि त्याच घराण्यातून बंदुकीची बिनधुराची दारूही निघते. आमचा जिल्हा कापसाचा. दिवाळीनंतर भाव येईपर्यंत घराघरात, सपरीत, आतल्या खोलीत कापूस रचलेला असतो. अशा घरात ‘घरबसल्या’ वापरायला तुम्ही हे यंत्र पाठवता. माझ्या भाच्याने अंगणात फवारलं म्हणून मी आज रंगाबद्दल पत्र लिहितोय. आतल्या खोलीत फवारलं असतं तर पत्राचा विषय दुसराच असता.

तक्रार घेऊन पोरगा तुमच्या दुकानात गेला, तेव्हा तुम्ही त्याला दुसरा खोका दाखवलात. दोन अश्वशक्तीचा कंप्रेसर, चोवीस लिटरची टाकी, वर लिहिलेलं ‘८ सीएफएम’. सोबत मोठी गन, मोटारीच्या बॉनेटला मारतात ती. हाही आकडा तपासून घेऊ. सीएफएम म्हणजे मिनिटाला घनफूट. हे आठ म्हणजे पिस्टन फिरताना जेवढी जागा झाडून काढतो तेवढी हवा. पाइपच्या टोकाला दाबासह प्रत्यक्ष मिळते ती कमी. अशा लहान यंत्रात पाचच्या आसपास धरावी, म्हणजे मिनिटाला एकशेचाळीस लिटर. मोठी एचव्हीएलपी गन मागते बारा सीएफएमपर्यंत, म्हणजे तीनशेचाळीस लिटर. मिनिटाला दोनशे लिटरची तूट. टाकी आठ बारवरून तीन बारवर येईपर्यंत तिच्यातून मिळणार एकशेवीस लिटर. अर्ध्या-पाऊण मिनिटात दाब पडतो, फवारा तुटक होतो, आणि पोराला पुन्हा वाटतं की आपलाच हात वाईट.

एवढी मोठी गन मुळात हवी कशाला? गिटारच्या बॉडीचं माप घ्या. पुढची आणि मागची बाजू मिळून आणि साडेचार सेंटिमीटर जाडीची कड धरून एकूण लाकूड भरतं जेमतेम तीन चौरस फूट. सेलूला दुचाकीच्या टाक्या रंगवणाऱ्या पेंटरला मी तुमची बंदूक दाखवली. त्याने नोझल उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, हे भितीची गन हाय. येवढ्याशा लाकडाले कायले पाह्यजे?” महाशय, तुमच्या सगळ्या खोक्यावर मिळून जेवढी माहिती नाही, तेवढी त्या एका वाक्यात होती.

त्याच्याकडे जी गन होती तिला गॅरेजवाले टचअप गन म्हणतात. कप वरच्या बाजूला, सव्वाशे मिलिलिटरचा, नोझल ०.८ किंवा १ मिलिमीटरचं. हवा मागते तीन ते चार सीएफएम. म्हणजे दोन अश्वशक्तीचा तोच लहान कंप्रेसर, जो मोठ्या गनपुढे दम टाकतो, तो हिला पुरून उरतो. साधी टचअप गन हजार-दीड हजारात येते. तुमच्या प्लास्टिकच्या बंदुकीपेक्षा ती स्वस्त पडली. तुमच्या दुकानात ती होतीही, मागच्या फळीवर. तुम्ही दाखवली नाहीत, कारण तिच्यात तुम्हाला सुटणारे पैसे कमी.

रंगाचाही हिशेब तुम्ही फुगवून दिलात. तीन चौरस फुटांवर वाळल्यानंतर मिलिमीटरचा दहावा भाग जाडीचा थर हवा असेल, तर घन लॅकर लागतं तीस मिलिलिटरच्या आत. पातळ केलेल्या लॅकरमध्ये घन भाग साधारण पाचवा हिस्सा धरला आणि हवेत उडणारं वजा केलं, तरी फवारायला तीन-चारशे मिलिलिटर पुष्कळ झालं. त्यातलं काही घासण्यात जाईल, म्हणून अर्धा लिटर धरा. तुम्ही पोराच्या गळ्यात चार लिटरचा डबा मारलात.

हे पत्र दुसरं कोणी वाचत असेल आणि त्याच्याही माळ्यावर अर्धी गिटार पडली असेल, तर त्याच्यासाठी आणखी थोडं लिहितो. टचअप गन घेतल्यावर उरलेले पैसे गनच्या ब्रँडवर उधळू नका. आधी दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर घ्या. पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं; काम सुरू करण्याआधी खालचा कॉक उघडून ते काढा. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर मागून आणला तर त्याच्या हवेत तेल असतं, आणि तेलाचा कण पडला की लॅकर तिथून गोल खड्डा करून बाजूला सरतं. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि मोटर सुरू होताना करंट कितीतरी पट ओढते. म्हणून विजेची वायर लांबवू नका, हवेचा पाइप लांब घ्या. त्याने कंप्रेसरही थिनरच्या वाफेपासून दूर राहतो. मास्क घ्या तो सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या काडतुसांचा. कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क थिनर अजिबात अडवत नाही. दोन भाग मिसळून करायचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, घरी फवारूच नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो.

आमच्याकडची हवा ध्यानात घेतली नाही तर चांगली गनही हरते. वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा थिनर लाकडापर्यंत पोचायच्या आत उडून जातं आणि रंग भुकटी होऊन बसतो. पहाटे काम करा, सावकाश उडणारं थिनर वापरा. जुलै-ऑगस्टात उलटी गत. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि लॅकर पांढरट होतं. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. तुमच्या खोक्यावर ‘कोणत्याही हवामानात’ असं छापलंय. कोणत्या हवामानात तपासलंत ते कळवाल का?

यंत्रावर पैसे घालायचे नसतील तर तेही चालतं, हे मात्र तुम्ही गिऱ्हाइकाला मरेपर्यंत सांगणार नाही. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांवर लाखेचं पॉलिश पिढ्यान्‌पिढ्या हाताने चढत आलंय. लाख घाम आणि स्पिरिट फार सोसत नाही, हा तिचा दोष, पण दुरुस्तीला ती सोपी. ‘क्वीन’ या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ साली वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून काढली, बॉडीला जुन्या टेबलाचं ओक वापरलं आणि वर रस्टिन्स कंपनीच्या प्लास्टिक कोटिंगचे थर दिले. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी पुढे ज्या ‘क्वीन’मध्ये गायला, त्या बँडचा आवाज याच घरगुती गिटारने घडवला.

किंवा सरळ गॅरेजच्या पेंटरकडे जा. यात कमीपणा नाही. लिओ फेंडरच्या कारखान्यात गिटारना जे खास रंग मारले गेले ते ड्यूपाँट कंपनीचे मोटारींचेच रंग होते, ड्युको आणि ल्युसाइट. आमच्या तालुक्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. लाकडी नंदीबैलांच्या गोल पाठी, वळणदार माना, शिंगांच्या कडा गुळगुळीत रंगवणारे हात इथे आहेत. गिटारची कड त्यांना अवघड नाही. माझ्या भाच्याची बॉडी आम्ही घासून पुन्हा सीलरपर्यंत आणली आणि सेलूच्या त्या पेंटरकडे दिली. त्याने टचअप गन पोराच्याच हातात ठेवली आणि स्वतः शेजारी उभा राहिला. हात वाईट नव्हता.

महाशय, माझी मागणी मोठी नाही. गिटारचं चित्र काढा. नोझलचं माप, कॅपपाशी दाब आणि प्रत्यक्ष मिळणारी हवा, एवढे तीन आकडे खोक्याच्या बाहेर छापा. ‘ज्वलनशील लॅकर वापरू नये’ हे मराठीत, वॉट जेवढ्या अक्षरांत छापता तेवढ्याच अक्षरांत छापा. यात तुमचा खर्च शाईपुरता आहे.

हे करायचं नसेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वाचून ठेवा. महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं हेही त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडतं, आणि पहिल्याच वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वाचकांपैकी कोणाकडे असा खोका असेल तर त्याने पावती आणि पुस्तिकेचं ते शेवटचं पान जपून ठेवावं. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि वर्ध्याला तो आयोग आहे.

आपला,
केळझरचा एक गिऱ्हाईक